गुराख्यांची खुर्ची

माझा बाप गेला तेव्हा त्याच्या पायात गुराख्याचे बूट होते. खरं तर उभ्या आयुष्यात तो कधी गाईजवळ गेला नव्हता. गाईला घाबरायचा, घोड्याला त्याहून जास्त. पण गुराख्यांच्या परदेशी सिनेमांना आमच्या भाषेत आवाज चढवायचं काम ज्या हॉलमध्ये चालायचं, तिथे तो पावलांचा माणूस होता. पडद्यावर नायक उन्हातल्या रस्त्यावरून चालत आला की खाली खडीच्या ट्रेमध्ये माझा बाप चालायचा. नायक दारूच्या गुत्त्यात शिरला की माझा बाप फळ्यांवर चालायचा. बुटांच्या टाचेला ती काटेरी चाकं असतात ना, त्यांची खणखण म्हणजे आमच्या घरच्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा. हॉलमध्ये त्याला सगळे पावल्या म्हणायचे.

आणि सरदार म्हणायचे ते नायकाच्या आवाजाला. तीसेक सिनेमांत गुरांच्या तांड्याचा म्होरक्या तोच बोलला. आवाज खर्जातला, घोगरा, प्रत्येक शब्दाआधी एक श्वास थांबणारा. नट मंडळी पडद्यावरचा रुबाब घरी घेऊन जातात असं ऐकलं होतं. हा तर नट नव्हता, नुसता आवाज होता, तरी रुबाब घरी घेऊन गेला. त्याच्या मागे कायम तिघं उभे. कितीही किरकोळ भूमिका असो, खोकणारा माणूस लागला की बोलवायचे तो खोकल्या. शंभर किलोचा होता म्हणून बारक्या. आणि गरज पडली तर खिंकाळूनही दाखवायचा तो घोड्या. सरदार माइकला चिकटून उभा, हे तिघं अर्धं पाऊल मागे. बाहेर चहाला निघाले तरी अर्धं पाऊल मागेच.

आता गुराखी म्हणजे काय, तर गुरं राखणारा. त्याला मोठी टोपी घालायची, कमरेला पिस्तूल लटकवायचं आणि तोंडातले शब्द कमी करायचे, की झाला मर्द. वर त्याच्या मागे तीन माणसं चालायला लावली की झाला नेता. मी सव्वीस वर्षं हे सिनेमे पावलांच्या उंचीवरून पाहिलेत, मला कुणी शिकवू नये. नेत्याची पावलं मोजकी असतात. तो एक टाकतो, मागची तिघं तेवढ्यात तीन टाकतात. धाप त्यांना लागते, दरारा याचा वाढतो.

सरदाराचा एक नियम होता. हॉलमध्ये खुर्ची नाही. एकदा कुणाच्या तरी मरणाच्या सीनमध्ये मागे खुर्ची करकरली आणि टेक वाया गेला. सरदाराने खुर्ची उचलून बाहेर पॅसेजमध्ये फेकली आणि फर्मान काढलं, "गुराखी एक तर घोड्यावर असतो, नाहीतर आपल्या पायांवर. खुर्चीत बसतो सावकार, नाहीतर म्हातारा." तेव्हापासून त्या हॉलमध्ये सगळे उभे. आठ-आठ तास. जो टेकला तो संपला. मी सातव्या महिन्याची गरोदर असताना त्या खडीत उभी राहून पिस्तुलबाजांची पावलं काढली आहेत. माझ्या पोटातलं मूल लाथा मारायचं आणि वर पडद्यावर नायक टाच आपटायचा.

फेकलेली ती खुर्ची मात्र माझ्या बापाने उचलून आणली. चामड्याच्या बैठकीची होती. हाताने दाबली की खोगिरासारखी करकरायची, अगदी हुबेहूब. त्यानंतरच्या सगळ्या सिनेमांत घोड्यावर बसल्याचा जो आवाज आहे तो त्या खुर्चीचा. म्हणजे सरदाराचे सगळे गुराखी शेकडो कोस त्या खुर्चीत बसूनच गेले. सरदाराला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. पावलांच्या कोपऱ्याकडे तो कधी बघायचाच नाही.

बाप गेला त्या दिवशी तांड्याच्या एका सिनेमातला सगळ्यात गाजलेला सीन चालू होता. ओसाड माळ, पाणी संपलेलं, गुरं पुढे चाललेली. एक आजारी गुराखी म्होरक्याला म्हणतो, "जरा टेकू का?" म्होरक्या त्याच्याकडे बघत राहतो, मग दीड मिनिट बोलतो, आणि शेवटी म्हणतो, "ज्याला थांबायचंय त्याने थांबावं. गुरं थांबत नाहीत." आणि चालू लागतो. तो आजारीही उठून मागे चालू लागतो. थिएटरात इथे शिट्ट्या पडायच्या. लोक हे वाक्य लग्नात म्हणायचे, ऑफिसात म्हणायचे, शाळेच्या बक्षीस समारंभात म्हणायचे.

त्या काळी आमच्याकडे ध्वनीची पट्टी एकच. बोलणं आणि पावलं एकाच वेळी घ्यावी लागत. बोलणारा चुकला की चालणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून चालावं लागे. त्या दिवशी सरदाराला स्वतःचाच आवाज पसंत पडेना. अकरा टेक झाले. अकराव्याला ओके मिळाला, आणि माझा बाप खडीच्या ट्रेमध्ये कोसळला. हृदय. मी पोचले तेव्हा एक बूट कुणीतरी काढला होता, दुसरा तसाच होता. मी एकोणीस वर्षांची होते.

शेवटच्या निरोपाला सरदार उभा राहिला, हॅट छातीशी धरून, आणि त्या खर्जात बोलला, "अकरा टेक. छातीत कळ घेऊन चालला. कुणाला एका शब्दाने कळू दिलं नाही. माझा माणूस होता. मर्द होता." लोकांनी डोळे पुसले. ही गोष्ट त्याने नंतर प्रत्येक सत्कारात सांगितली, प्रत्येक मुलाखतीत सांगितली. 'माझा एक माणूस उभ्या उभ्या गेला' इथून सुरुवात. दर वेळी माझा बाप थोडा अधिक गप्प व्हायचा आणि सरदार थोडा अधिक मोठा व्हायचा.

आता माझ्या बापाबद्दल ऐका. बोटात काटा गेला तरी हा माणूस घर डोक्यावर घ्यायचा. चहा गरम लागला तर "मेलो" म्हणायचा. सर्दी झाली की आईला बोलावून घरात काय कुठे ठेवलंय ते सांगायचा, न जाणो सकाळ उजाडली नाही तर. आई म्हणायची, "तुझ्या बापाला बाळंतपण असतं तर गाव सोडून जावं लागलं असतं." हा माणूस छातीत कळ घेऊन अकरा टेक चालतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही? माझ्या गळी उतरत नाही. आईने तर निरोपाच्या दिवशीच सरदाराकडे असं काही पाहिलं होतं की दुसरा असता तर जागच्या जागी वितळला असता. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्याने खुर्ची मागितली असणार. मी ओळखते माझ्या माणसाला. मागितली असणार, आणि यांनी दिली नसणार."

पण मागितली होती का? हे सांगणारे चौघेच, आणि चौघांचं तोंड एकच. मी किती वेळा विचारलं. खोकल्या खोकायचा. बारक्या म्हणायचा, "सरदार सांगतो तसंच झालं बघ." घोड्या विषय बदलायचा. सहा महिन्यांनी सरदाराने मोठ्या मनाने मला बापाच्या जागी चिकटवलं. "पावल्याची पोर आहे, चालू दे." मी तीन मोजे चढवून बापाचे बूट घातले आणि चालू लागले. रोज त्याचा आवाज ऐकायचा, त्याच्या नायकाच्या पायांनी चालायचं आणि आतल्या आत दातओठ खायचे, हा माझा धंदा झाला. चालता चालता मी मशीन शिकले, नंतर आवाज बसवायला शिकले, आणि चार वर्षांपूर्वी हॉलच मालकाने माझ्या हाती दिला. आता काचेच्या खोलीत मी बसते. हो, खुर्चीत.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. सरदाराच्या तोंडून खरं काय झालं ते. आणि सरदाराच्या तोंडून खुर्ची.

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. बाप गेला त्याच सिनेमाची ध्वनीची जुनी पट्टी सडली. कंपनीने चित्र धुऊनपुसून नवं केलं, आता आवाज नव्याने हवा, पण लोकांना ओळखीचा तोच म्होरक्या हवा. सरदार चौऱ्याहत्तर वर्षांचा. मी त्याच्या घरी फोन केला, काकूंनी उचलला.

"काकू, काकांची तब्येत कशी आहे? उभं राहावं लागेल म्हणून विचारते."

"अगं, छाती घोड्यासारखी आहे म्हणाला डॉक्टर," काकू म्हणाल्या. "गुडघे मात्र गेलेत. पण कबूल करायचा नाही गं. न्हाणीघरात स्टूल ठेवलं तर ते लाथेने उडवलं, आणि मग ती लाथ लागली म्हणून आठवडाभर लंगडत होता."

छाती ठणठणीत, गुडघे गेलेले. मला हेच हवं होतं. मी काही खुनी नाही.

एकेकाला वेगळं बोलावून घेतलं असतं तर दीड तासात काम उरकलं असतं. हल्ली तसंच करतात. पण सरदाराने फोनवर सांगितलं, "आम्ही चौघं एकत्रच बोलतो, पोरी. तांडा फुटत नाही." मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, काका." आपल्या पायांनी चालत आला, त्याला मी काय करणार!

सकाळी दहाला चौघं आले. सरदाराने मिशी काळी केली होती, बुटांना पॉलिश होतं. मागे अर्धं पाऊल तिघं. बारक्याचे पाय सुजून बुटांतून वर आलेले, घोड्याच्या कमरेला पट्टा, खोकल्याला आता खरा खोकला. सरदाराने हॉलभर नजर फिरवली. "खुर्ची नाही ना कुठे?"

"तुमचा नियम मोडेन का मी, काका?"

"शाब्बास. पावल्याची पोर शोभतेस."

मी काचेमागे गेले. माझ्यासमोर एक बटण आहे, ते दाबलं की माझा आवाज हॉलमध्ये जातो. लाल दिवा लावला आणि तोच सीन घेतला. माळ, धूळ, आजारी गुराखी. खोकल्याने त्याचं वाक्य बरोबर टाकलं, "जरा टेकू का?" सरदार दीड मिनिट बोलला. चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तसा तो आवाजही जात नाही.

बटण दाबलं. "काका, मधे कवळी वाजली. पुन्हा."

काचेतून त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. तिघांपैकी कुणी हसलं नाही. दुसरा टेक. "शब्द ओठांच्या मागे पडले. पुन्हा." तिसरा. "पोटात गुरगुरलं कुणाच्या तरी." बारक्याने मान खाली घातली. "पुन्हा." प्रत्येक कारण खरं होतं. एरवी मी ती तिथल्या तिथे पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम. पण अकरा टेक म्हणजे काय असतं ते त्याच्या पायांना कळायला हवं होतं.

पाचव्याला घोड्या भिंतीला टेकला. सरदार मागे न बघता म्हणाला, "भिंत पडत नाहीये. तिला आधार देऊ नकोस." घोड्या सरळ झाला. वय एकाहत्तर, कमरेला पट्टा, आणि सरळ झाला! मला त्याच्यावरही राग आला. असल्या चौघांतल्या एकाने कधीतरी 'नाही' म्हटलं असतं तर माझा बाप नातवंडांना स्वतःची सर्दी सांगत बसला असता.

सातव्याला सरदाराच्या डाव्या पोटरीला कंप सुटला. पँट हलत होती. मला काचेतून स्पष्ट दिसत होतं. दया आली नाही. आली असती तर सांगितलं असतं. "श्वास मोठा आला, काका. पुन्हा." आठव्याला त्याने माइकचा दांडा धरला. "दांडा धरू नका, काका, हाताचा आवाज येतो. पुन्हा."

नवव्याला लाल दिवा लागला. पडद्यावर माळ आला, धूळ उडाली, आणि खोकल्याने तोंड उघडायच्या आधीच सरदार बोलला. माइकमध्ये, हळू.

"जरा टेकू का?"

बारक्या फसकन हसला. घोड्याही हसला. त्यांना वाटलं, सरदार खोकल्याची नक्कल करतोय, थकल्या माणसांना हसवतोय. मी बटण दाबलं.

"काका, ते वाक्य तुमचं नाही. खोकल्याकाकांचं आहे."

"वाक्य नाही म्हणत, पोरी." त्याचा आवाज माझ्या कानावरच्या हेडफोनमधून अगदी जवळून आला. "टेकायचंय मला. खुर्ची आण."

हसू जागच्या जागी विझलं. आणि खोकल्या, जो कायम अर्धं पाऊल मागे, तो एकदम पुढे आला.

"पावल्याही असंच म्हणाला होता," तो म्हणाला.

सरदाराने हात वर केला. हा हात मी सव्वीस वर्षं पाहत आले होते. तो वर झाला की तिघं गप्प. खोकल्याने त्या हाताकडे बघितलं, एकदा खोकला, आणि बोलत राहिला.

"चौथ्या टेकनंतर. ट्रेमधून म्हणाला, जरा टेकू का? आम्ही सगळे हसलो. म्हटलं, माझं वाक्य चोरतोय लेकाचा, नक्कल करतोय. तो होताच तसा, सारखा कुरकुरायचा. मग सरदार... सरदार त्याला म्हणाला, ज्याला थांबायचंय त्याने थांबावं, गुरं थांबत नाहीत. आम्ही अजूनच हसलो. पावल्यापण हसला गं थोडा. आणि चालायला लागला."

माझा हात बटणावरच होता. दाबायचं सुचलं नाही. मी काचेच्या खोलीतून उठून हॉलमध्ये गेले. लाल दिवा तसाच चालू राहिला.

"एकदाच म्हणाला?" मी विचारलं. खोकल्याला नाही, सरदाराला.

तो दांडा धरून उभा होता. घामाने मिशीचा रंग ओठावर उतरला होता. जवळून पाहिल्यावर कळलं, माणूस केवढासा आहे. इतकी वर्षं मी त्याला पावलांच्या कोपऱ्यातून, खालून वर पाहत होते.

"काका, मी विचारतेय. एकदाच?"

"दोनदा," तो म्हणाला. "सातव्यानंतर पुन्हा म्हणाला. माझ्याजवळ येऊन, हळू. पहिल्यांदा मलाही वाटलं थट्टा करतोय. दुसऱ्यांदा... दुसऱ्यांदा मला कळलं होतं."

"मग?"

"ही तिघं बघत होती." त्याने तिघांकडे बोट केलं. "एकाला टेकू दिलं असतं तर सगळे टेकले असते. मी म्हटलं, मर्दासारखा उभा राहा. हात ठेवला त्याच्या खांद्यावर."

म्हणजे मागितली होती. एकदा नाही, दोनदा मागितली होती. माझा कुरकुऱ्या, घाबरट, काट्याला ओरडणारा बाप शेवटपर्यंत तसाच होता, आणि या माणसाने त्याचं मेलेलं तोंडसुद्धा बंद करून टाकलं होतं. मला वाटलं होतं हे ऐकल्यावर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दहा मिनिटं, काका. दहा मिनिटं थांबला असतात तर कुठली गुरं पळून जाणार होती? ती पडद्यावरची होती!"

सरदाराची पोटरी थरथरत होती.

पावलांच्या कोपऱ्यात बापाची ती खुर्ची होती, खडीच्या ट्रेमागे, फडक्याखाली. मी फडकं काढलं. खुर्ची फरफटत हॉलच्या मध्ये आणली, त्याच्या मागे ठेवली. "बसा," मी म्हटलं. "तुम्हीच फेकली होती ही. माझ्या बापाने जपून ठेवलीय तुमच्यासाठी."

त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग तिघांकडे. तिघांपैकी कुणीतरी 'नको सरदार' म्हणेल याची तो वाट बघत होता, मला स्वच्छ कळत होतं. कुणी म्हणालं नाही. मग तो बसला. चामडं करकरलं, लांब, खोगिरासारखं. हॉलच्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला.

बारक्या पुटपुटला, "अजून एखादी आहे का गं? माझे पाय बघ ना." मी बाहेरून तीन स्टुलं आणून दिली. तिघं बसले. घोड्याने असा काही सुस्कारा सोडला की खिंकाळल्यासारखाच वाटला. "बारा वर्षं झाली या कमरेला," तो कुणालाच न सांगता म्हणाला. स्टुलं ठेवली होती ती सरदाराच्या रांगेतच. अर्धं पाऊल मागे कुणीच नव्हतं.

मी काचेमागे जाऊन म्हटलं, "दहावा टेक." माइक खाली केला. खोकल्याने त्याचं वाक्य म्हटलं, सरदाराचं दीड मिनिट झालं, "गुरं थांबत नाहीत" झालं. पहिल्या झटक्यात ओके. बसून घेतलेला श्वास खोल गेला होता, आवाज तसूभर हलला नाही. इतकी वर्षं बसून बोलला असता तर याहून चांगला बोलला असता. शेवटच्या शब्दानंतर तो खुर्चीत मागे रेलला आणि चामडं पुन्हा एकदा करकरलं.

निघताना तो काचेच्या खोलीच्या दारात आला. मागे तिघं नव्हते, ते अजून स्टुलांवरच होते, घोड्या त्यांना काहीतरी सांगत होता.

"शेवटी ती खुर्ची वाजली," सरदार म्हणाला. "तेवढा आवाज काढून टाक."

मी मशीनकडे बघत राहिले. तो थांबला. मग म्हणाला, "काढशील ना, पोरी?"

"काढते हं, काका."

घरी गेल्यावर आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "दोनदा मागितली होती, आई. एकदा सगळ्यांसमोर, एकदा हळूच." तिचा हात थांबला. "मागितली ना?" ती म्हणाली. "बघ. मी म्हटलं नव्हतं? गप्प मरणारा नव्हताच तो." आणि ती हसली, मोठ्याने, आणि हसता हसता रडायला लागली. सव्वीस वर्षं तिला एका अनोळखी मर्दाची विधवा करून ठेवलं होतं. त्या दिवशी तिला तिचा नवरा परत मिळाला. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आणि तो?"

"तू सिनेमाला चल," मी म्हटलं.

दोन महिन्यांनी नवा सिनेमा लागला, पहिल्या खेळाला सरदाराचा सत्कार. थिएटर भरलेलं. त्याने भाषणात ती गोष्ट पुन्हा सांगितली. हो, सांगितली! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "माझा एक माणूस उभ्या उभ्या गेला. एक शब्द बोलला नाही." खोकल्या, बारक्या आणि घोड्या दहाव्या रांगेत होते. सरदाराने त्यांच्या दिशेने बघितलं तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. "थांब," मी म्हटलं.

दिवे गेले. सरदार पहिल्या रांगेत मधोमध बसला होता. तांडा आला, पाणी संपलं, माळ आला. आजारी गुराखी म्हणाला, "जरा टेकू का?" म्होरक्या धुळीत पाय रोवून उभा, मागे आभाळ, घोडा कुठल्या कुठे लांब. दीड मिनिट बोलला. लोक ओठ हलवत त्याच्याबरोबर म्हणत होते. "ज्याला थांबायचंय त्याने थांबावं. गुरं थांबत नाहीत."

शिट्ट्या पडायच्या आधी जी एक क्षणाची शांतता असते, ती मी थोडी लांबवली होती. त्या शांततेत चामडं करकरलं. लांब, स्वच्छ.

कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत मात्र एक मान ताठ झाली आणि हळूहळू मागे वळली. अंधारात तो आम्हाला शोधत होता. पडद्यावर म्होरक्या चालू लागला. ती पावलं माझी होती, बापाच्या बुटांतली.

आई माझ्या कानाशी वाकली. "बसला?"

"बसला," मी म्हटलं. "आता हा सिनेमा चालेल तोवर, रोज चार खेळ, बसेल."